अर्धी बाटली

फाल्गुन संपत आला की
आमच्या वारज्याच्या घरात ऊन थेट ओट्याखाली शिरतं
आणि वर्षभर लपलेलं सगळं दाखवतं.
पाडव्याला चार दिवस. पदर खोचला.

रिठे रात्रीच भिजत घातले होते.
सकाळी कुस्करले तर फेस आला, बेताचा,
पाहुण्यांसमोर यायला लाजणाऱ्या पोरासारखा.
जाहिरातीत याला कोणी उभं केलं नसतं.
पण फरशी त्याला ओळखते.
तांब्याला चिंच. समईला राख,
धुळवडीच्या सकाळी सोसायटीच्या होळीतून
डबाभर उचललेली. उचलताना चेहरा असा
की बघणाऱ्याला वाटावं, अंगारा नेतेय.

संत्र्याची सालं, गूळ, पाणी:
बरणी डिसेंबरात भरली होती.
रोज झाकण सैल करायचं, नाहीतर फुगते.
जानेवारीत मी साताऱ्याला गेले आणि हे विसरले.
फोनवर म्हणाले, "रात्री स्वयंपाकघरात कोणीतरी शिंकलं."
छतापर्यंत संत्री.
पंख्याच्या पात्यावरचा शेवटचा पिवळा थेंब
काल पुसला,
बरणीत जे वाचलं होतं त्यानेच.

खाली बदामाची पानं जमली होती, लाल, कडकडीत.
धोंडिरामने काडी ओढलीच होती.
एका चहावर सौदा झाला:
तीन पोती मला, धूर कोणालाच नाही.
आता गच्चीतल्या पिंपात ती ओल्या सालींखाली झोपलीत,
आणि कढीपत्त्याच्या कुंडीमागे
कुंभारीण माशीने मातीचं बोटभर घर बांधलंय
ते मी झाडलं नाही.
पावसाआधी ती आपणहून जाते.

मग सिंकखाली हात घातला, अगदी मागे,
जिथे पाइप भिंतीत जातो,
आणि ती लागली.
अॅसिडची बाटली. लेबलावरची कवटी फिकट झालेली,
झाकणाभोवती पांढरी पूड. अर्धी भरलेली.
बारा वर्षं झाली असतील.
गौरींना माणसं येणार होती, बाथरूमच्या फरश्या पिवळ्या होत्या,
मीच आणली होती. नाक दाबून मीच ओतली होती.

सारजाबाईंनी लांबूनच ओळखली.
"ही माझ्या बादलीत नको, ताई."
बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत
कातडी चकाकत होती, इस्त्री जास्त लागलेल्या कापडासारखी.
"असंच कोणीतरी काळ्या पिशवीत दिलं होतं. गाठ मारून."
कोण, ते तिला माहीत नाही.
मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार.

वॉर्ड ऑफिसला फोन केला.
तिथून दुसरा नंबर मिळाला, त्यावरून तिसरा,
तिसरा म्हणाला, साहेब जेवायला गेलेत.
तेव्हा साडेअकरा वाजले होते.

बाटली समोर ठेवून बसले.
उरलेली अर्धी निदान दिसते तरी.
वापरलेली अर्धी कुठे असेल?
परवाच म्हात्रे पुलावरून रिक्षाने येताना
पाण्यावर बगळे बसलेत असं वाटून
मी मोजायला लागले होते. अकरापर्यंत पोचले.
मग वारा सुटला आणि
बगळे फुटले,
फेस होऊन काठाला चिकटले.

बाटली रिठ्याच्या पाण्याने पुसली.
मार्करने लिहिलं: अॅसिड. उघडू नये. तारीख. माझं नाव.
नाव लिहायला हात जरा थांबला.
वाळू भरलेल्या जुन्या बादलीत उभी करून
पुन्हा आत ठेवली. सोमवारी परत फोन करायचा आहे.

पाडव्याला तांब्या गुढीवर चढला,
चिंचेने असा लखलखलेला की डोळे बारीक करावेत.
हे खाली उभे राहून म्हणाले,
"यंदा घर अगदी आरशासारखं केलंस."
मी हो म्हणाले
आणि कडुलिंबाचं पान जरा जास्तच वेळ चावत राहिले.